पहिल्या पाळण्याआधी

१५ ऑगस्ट २००७ रोजी सातारा जिल्हा परिषदेने एक योजना सुरू केली आणि नावामुळेच ती देशभर गाजली: ‘सेकंड हनिमून पॅकेज’. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार. पैसे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातले. नाव ऐकून हसणाऱ्यांनी हसून घेतलं, परदेशी वार्ताहरही साताऱ्याला येऊन गेले, आणि चर्चा झाली ती बहुतेक पैशांचीच. एवढ्याशा रकमेसाठी कुणी मूल लांबवतं का? पण या योजनेतलं नवल पैशात नव्हतं. १९५२ साली देशात कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून आरोग्य खातं जोडप्याच्या दारात गेलं ते बहुधा शेवटच्या मुलाची चौकशी करायला. आता पुरे ना, मग ऑपरेशन कधी करताय? साताऱ्याने विचारलं, पहिलं कधी? हा प्रश्न विचारायचा तर नव्या नवरीशी, तिच्या नवऱ्याशी आणि बऱ्याच घरांत तिच्या सासूशीही बोलावं लागतं, आणि ते बोलणं ऑपरेशनच्या टेबलावर उरकता येत नाही. माझं म्हणणं त्या बोलण्याविषयी आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणसारख्या तालुक्यात आज साधनांची यादी तोकडी नाही. निरोध, गोळ्या, इंजेक्शन, तांबी हे सगळं सरकारी यंत्रणेत फुकट देण्याची सोय आहे. तोकडं पडतं ते साधन हातात देण्याआधीचं बोलणं आणि दिल्यानंतरची विचारपूस. आणि ही तूट सगळ्यात मोठी आहे ती पहिल्या मुलाच्या आधी आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या वर्षांत.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. म्हणजे आजच्या चालीने एका बाईला आयुष्यभरात सरासरी दोनाहूनही कमी मुलं. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत हाच आकडा तीनाच्या जवळ होता. तीस वर्षांत एवढी उतरण हे कुठल्याही सरकारी कार्यक्रमाला मिरवण्यासारखं यश आहे. पण त्याच पाहणीतलं पुढचं पान उलटलं की चित्र एका बाजूला कललेलं दिसतं. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण आहे ०.४ टक्के. शंभराहून अधिक बायकांमागे एक पुरुष. गोळ्या घेणाऱ्या किंवा तांबी बसवून घेतलेल्या शंभरात दोघी-तिघींच्या पलीकडे जात नाहीत. याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवावा लागतो: वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हे सगळं एका आयुष्यात ओळीने मांडलं तर असं दिसतं, की सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, वर्ष-दीड वर्षात पहिलं मूल, लगेच दुसरं, आणि सव्विशीच्या आत टाका. देशपातळीवर ऑपरेशन झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींचं ते याच वयापर्यंत उरकलेलं असतं. लग्न आणि ऑपरेशन यांच्या मधल्या सात-आठ वर्षांत आरोग्य यंत्रणा तिला बाळंतपणासाठी भेटते, बाळाच्या लसीसाठी भेटते, पण दोन मुलांत अंतर कसं ठेवायचं हे शांतपणे सांगायला क्वचितच भेटते. आणि शरीराचं नफा-नुकसान ठरतं ते याच वर्षांत. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्याआधी किमान दोन वर्षं जावीत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असताना तो सल्ला पुस्तकी राहत नाही. सव्विसाव्या वर्षी केलेलं ऑपरेशन तिसरं मूल टाळतं. अठराव्या वर्षीचं पहिलं बाळंतपण आणि वर्षभरातलं दुसरं, या दोन्ही धोक्यांच्या वेळी ते जागेवर नसतं.

गंमत अशी, की महाराष्ट्रात या कामाची सुरुवात बोलण्यापासूनच झाली होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं त्याच साली. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत राहिले, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना सरळ, न लाजता उत्तरं दिली जात. १९३४ सालचा त्यांच्यावरचा अश्लीलतेचा खटला कशावरून झाला हे लक्षात घेण्याजोगं आहे. कुठलं साधन विकल्याबद्दल तो नव्हता. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल होता. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले तरी मुद्दा उरला, की माणसाने विचारलेल्या शंकेला वैद्यकीय माहितीने उत्तर देणं यात अश्लील काय? १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तेव्हाही त्यामागचं भाषण बाबासाहेबांचंच होतं. प्रभाकर रोहम यांनी ते मांडलं. त्याच साली पुण्यात शकुंतला परांजपे यांनी या कामाला वाहून घेतलं. फलटणकरांना यातला एक धागा जवळचा वाटेल: रघुनाथरावांचे भाऊ दिनकर आणि इरावतीबाई कर्वे यांची कन्या, लेखिका जाई निंबकर, लग्नानंतर फलटणच्याच झाल्या. समोरच्या दोन-चार माणसांशी नीट बोलून मूल कधी हवं ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं ही कर्व्यांची रीत पुढे सरकारी कार्यक्रमात उतरली असती, तर आजचे आकडे बहुधा वेगळे दिसले असते.

उतरली ती मोजणी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत लोकलच्या स्थानकांवर नसबंदीची केंद्रं थाटली गेली. गाडीतून उतरावं, ऑपरेशन करून घ्यावं, पुढच्या गाडीने घरी जावं. १९७१ च्या जुलैत केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६३,४१८ पुरुषांची नसबंदी झाली आणि तो आकडा देशभर आदर्श म्हणून मिरवला गेला. तेव्हा ऑपरेशन करून घेणाऱ्यांत पुरुष पुढे होते, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक ऑपरेशनं झाली, त्यातली सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांची. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. बार्शीत रस्त्यावरून माणसं उचलून नेल्याच्या कहाण्या याच काळातल्या. सत्तांतरानंतर पुरुषांच्या नसबंदीला हात लावायची कुणाची छाती राहिली नाही. उद्दिष्टं मात्र कायम होती, म्हणून तीच उद्दिष्टं बायकांच्या पोटावर आली. ऑपरेशन करणारा बदलला नाही, करून घेणारा तेवढा बदलला. १९९६ मध्ये केंद्राने कागदोपत्री उद्दिष्टं रद्द केली. तरी नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्या शिबिरानंतर डझनाहून अधिक बायका दगावल्या. तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ जातीतला जनुक आणून जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली, तेव्हा मेंढीचं मत कुणी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. आपल्या कार्यक्रमाने जवळपास तीच रीत बाईला लावली.

यावर पहिला आक्षेप असा येतो: जननदर १.७ वर आला, मग रडगाणं कशाचं? सल्ल्यावाचून हे साधलं असेल, तर सल्ला ही चैनच नव्हे का? या आक्षेपाचं उत्तर साताऱ्या-सांगलीइतकं स्पष्ट फार कमी जिल्हे देतील. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ मुली होत्या, सांगलीत ८५१. हे मागास, अशिक्षित जिल्हे नव्हेत. ऊस, सहकार, शाळा-कॉलेजं, दवाखाने, सगळं इथे आधी आलं. कुटुंबं लहान झाली, पण मुलगा हवाच हा हट्ट लहान झाला नाही. दोनच मुलं आणि त्यात एक मुलगा पाहिजे, असं गणित मांडलं की त्याची वजाबाकी मुलींच्या खात्यातून होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेने २८५ मुलींचं नव्याने बारसं केलं. या सगळ्यांचं नाव नकुशा, नकोशी अशाच धर्तीचं होतं. दोनतीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा या हट्टाची दुसरी बाजू उघडी पडली. आता विचार करा, दोन मुलींनंतर ऑपरेशनला आलेल्या बाईला घरातून काय ऐकावं लागत असेल? तिच्याशी, तिच्या नवऱ्याशी आणि सासूशी आधीपासून कुणी बोललेलं नसेल, तर जननदराचा आकडा खाली आणण्यासाठी ती कुठल्या वाटेने जाते हे त्या आकड्यात दिसत नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायत सदस्यत्व जातं, हा नियमही असाच आहे. तो मुलं मोजतो. ती कशी थांबवली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला तोंड चुकवून चालणार नाही. बायकांनाच ऑपरेशन हवं असतं, असं गावोगावच्या सिस्टर सांगतात. ते खोटं नाही. गोळी रोज आठवावी लागते, निरोध नवऱ्याच्या मर्जीवर, तांबीने अंगावरून जास्त जातं. टाका एकदा घातला की कटकट मिटली. ज्या बाईला शेतावर, कारखान्यावर राबायचं आहे तिचा हा हिशेब शहाणपणाचाच आहे आणि तिच्या वतीने त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कुणाला नाही. पण निवड म्हणायला निदान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. फलटण भागातल्या कारखान्यांना दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यातल्या बीड जिल्ह्यातल्या बायकांची २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या पुष्कळ तरुण. अंगावरून पांढरं जातं, पाळीत काम होत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि मुलं झालेली असताना ‘पिशवी आता काय कामाची’ म्हणून सांगणारा कुणीतरी भेटतो. मूल थांबवण्याचं ऑपरेशन झालं की बाईच्या गर्भाशयाशी आरोग्य यंत्रणेचं नातं संपतं, असाच समज सगळ्यांनी करून घेतला आहे. साधन देताना ‘काही वाटलं तर परत ये’ हे खरोखर सांगितलं गेलं असतं आणि परत आल्यावर तिचं ऐकून घेतलं गेलं असतं, तर साध्या जंतुसंसर्गासाठी पिशवी गमावणाऱ्या कितीतरी जणी वाचल्या असत्या, असं म्हणायला पुरेसा आधार आहे.

सल्ल्याने खरंच फरक पडतो का? याची तपासणी झालेली आहे, आणि तिचे निकाल बोलके आहेत. इंडोनेशियात पूर्व जाव्यातल्या एका अभ्यासात (१९९१) असं दिसलं, की ज्या बायकांना मनात असलेलं साधन मिळालं त्यांच्यापैकी ९ टक्के जणींनी ते वर्षभरात सोडलं. ज्यांना दुसरंच काही गळ्यात मारलं गेलं त्यांच्यापैकी ७२ टक्के जणींनी. चीनमध्ये तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर ४२१ बायकांचा अभ्यास झाला (१९९६). निम्म्यांना नेहमीसारखं टोचून पाठवलं, निम्म्यांना आधी बसवून पाळीत काय बदल होतील ते नीट सांगितलं आणि पुढच्या भेटींतही विचारपूस ठेवली. वर्षाअखेर पहिल्या गटातल्या ४२ टक्के जणींनी इंजेक्शन सोडलेलं होतं, दुसऱ्या गटातल्या ११ टक्के. औषध तेच, मात्रा तीच. आता आपल्याकडच्या पाहणीची तीच पाचवी फेरी पाहा. कुठलंही साधन न वापरणाऱ्या स्त्रियांपैकी आरोग्य कर्मचाऱ्याने कुटुंब नियोजनाबद्दल कधीतरी बोलल्याचं देशात फक्त २३.९ टक्के जणी सांगतात. जे साधन वापरतात त्याचे त्रास काय होऊ शकतात हे ६२.४ टक्के जणींना सांगितलं गेलं, म्हणजे तिघींपैकी एकीहून अधिक जणींना काहीच न सांगता पाठवलं गेलं. आधीच्या फेरीपेक्षा हे दोन्ही आकडे सुधारलेले आहेत, हे खरं. तरीही या तुटपुंज्या बोलण्यावर देशाचा कार्यक्रम उभा आहे.

हे बोलणं म्हणजे नेमकं काय, ते एका साधनावर पाहू. ‘अंतरा’ हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळतं आणि ते पहिल्या टप्प्यात सुरू करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेत एक टोचणी. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, कारण औषध हळूहळू सुटायला हवं. बाईच्या हातात पुढच्या तारखेचं कार्ड. इथवर सगळं सोपं आहे. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत पाळी वेडीवाकडी होते, मध्येच डाग पडतो, आणि पुढे कित्येकींची पाळी पूर्ण थांबते. पाळी थांबली की बाईच्या मनात दोनच शंका येतात: दिवस राहिले, नाही तर आत रक्त साठतंय. आधी कुणी सांगितलेलं नसेल तर ती घाबरते, शेजारीण तिला आणखी घाबरवते आणि पुढची तारीख चुकते. आधी सांगितलेलं असेल, की या औषधाने गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं म्हणून साठायला आत काही नसतंच, उलट ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे तिचं रक्त वाचतं, तर तीच पाळी थांबणं तिला सोयीचं वाटू शकतं. आणखी एक गोष्ट नव्या नवरीला सांगायलाच हवी: शेवटच्या टोचणीनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. हे ठाऊक नसलेली मुलगी इंजेक्शन सोडल्यावर चार महिन्यांनी कोरडी राहिली की वांझपणाचा ठपका घेऊन बसते, आणि मग त्या वाडीत ‘अंतरा’चं नाव कुणी काढत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पुढची तारीख हंगामात फडावर पडणार असते. ते कार्ड फलटणच्या दवाखान्यातही चालेल हे तिला बीडमध्येच सांगितलं पाहिजे, आणि फलटणच्या सिस्टरने ते कार्ड परकं मानता कामा नये. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात.

तांबीचंही तसंच. ती वर चढून काळजाला लागते ही समजूत अजून मेलेली नाही. ती गर्भाशयातच राहते, तिचा दोरा बाईला बोटाने चाचपता येतो, पहिले तीन-चार महिने पाळीत जास्त जातं आणि मग कमी होतं, काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. तांबीबद्दल माझी तक्रार मात्र वेगळी आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत ती बसवण्याची चांगली सोय आता आहे, पण बाईची संमती कधी विचारायची? कळा सुरू झालेल्या बाईला विचारणं म्हणजे न विचारणंच. ते बोलणं सातव्या महिन्याच्या तपासणीत, नवऱ्यासमक्ष आणि मग एकटीशी, व्हायला हवं. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, संप्रेरक नसलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. तिच्यासाठी वार नेमून द्यावा लागतो. गावच्या बाजाराचा वार नेमला तर तो चुकत नाही. निरोध सर्वांत सोपा, पण रोजच्या वापरात वर्षाकाठी शंभरातल्या तेराच्या आसपास जोडप्यांत तो फसतो, तांबी शंभरात एकीचीही फसत नाही. हे आकडे सांगून घाबरवायचं नसतं. ज्याचं त्याने आपल्या घराला काय झेपेल ते ठरवावं म्हणून ते सांगायचे.

आणि घरं सारखी नसतात. सातारा हा फौजी जिल्हा आहे. अपशिंग्यासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी सैनिक. माण-खटाव-पाटणचे पुरुष मुंबईत माथाडी म्हणून राबतात आणि जत्रेला, लगनसराईला घरी येतात. अशा घरातल्या बाईला वर्षभर रोज गोळी गिळायला सांगणं हे तिच्या आयुष्याकडे न पाहता दिलेलं साधन झालं. तिला हवं ते सुट्टीच्या महिन्यापुरतं: निरोध, आणि तो फाटला तर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गोळीची माहिती. बाहेरगावी राहणाऱ्या पुरुषांशी निरोधाबद्दल बोलण्याला दुसरंही कारण आहे, आणि ते काम कसं करावं याचा धडा सांगलीनेच घालून दिला. १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने सांगलीतल्या वेश्यावस्तीतल्या बायकांच्याच हाती निरोधाचं काम दिलं. त्यांनीच तो वाटला, त्यांनीच एकमेकींना समजावलं, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं तेही. पुढे त्यांतूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांच्याशी बोलायला बाकीचं गाव लाजतं त्या बायका आपल्या निर्णयाच्या मालकीण होऊ शकतात, आणि फलटणच्या पेठेतली नवविवाहित मुलगी मात्र सासूच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते. आपल्या कार्यक्रमाने हा धडा आपला मानला नाही. पुरुषांच्या नसबंदीविषयीही तेच. बिनटाक्याची पद्धत १९७४ मध्येच निघाली, वीसेक मिनिटांचं काम, पोट उघडावं लागत नाही. पौरुष जातं ही भीती तेवढी शिल्लक आहे, आणि ती घालवायला पुरुषाशी पुरुषाने बोलावं लागतं. ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, हे न सांगितल्यामुळे बायकोला दिवस राहिले तर तिच्या चारित्र्यावर येतं.

मग साताऱ्याच्या पाच हजारांचं काय? माझं मत असं, की पैशाने मूल लांबत नाही, पण सुनेला एक सबब मिळते. ‘सरकार पैसे देतंय, दोन वर्षं थांबू’ असं म्हणणं ‘मला एवढ्यात मूल नको’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं, आणि मराठी घरात सबबीची किंमत कमी लेखू नये. धोका असा, की पैसे आले की मोजणी येते आणि मोजणी आली की जुनी खोड परत येते. पुढे २०१२ मध्ये केंद्राने गावच्या आरोग्य कार्यकर्तीसाठी, आशाताईसाठी, योजना आणली: लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबला तर आशाताईला ५०० रुपये. साताऱ्याचा प्रश्न देशाने उचलला, पैसे मात्र जोडप्याकडून आशाताईकडे वळवले. यात तिच्या कष्टाची कदर आहे. पण तिला पैसे मिळतात ते निकालाचे, बोलण्याचे नाहीत. नवरीने स्वतःच्या मर्जीने वर्षभरात मूल होऊ दिलं, तर तिच्याशी चार वेळा नीट बोललेल्या आशाताईच्या हाती काही येत नाही.

शेवटचा आक्षेप वेळेचा. सिस्टरकडे नोंदवह्या ढिगाने, लोकसंख्या मोठी, दहा मिनिटं आणायची कुठून? आक्षेप खरा आहे, पण बाई मुद्दाम बोलवावी लागते असं समजणं चुकीचं. बाळाच्या लसीसाठी ती सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आणि मग नवव्या महिन्याला आपणहून येते आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहते. सहाव्या आठवड्याला अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ‘अंतरा’ सुरू करता येतं. चौदाव्या आठवड्याला तिला एवढं विचारावं: पाळी आली का, बाळाला वरचं काही देता का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर अंगावरच्या दुधाचं संरक्षण अजून शाबूत आहे, पण ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतच. म्हणजे बारा आठवडे हातात आहेत, आणि पाळी आली किंवा वरचं दूध सुरू झालं तर तेवढेही नाहीत. पुढचं साधन त्याआधी ठरलेलं असावं, हे तिला त्याच बाकावर सांगता येतं. त्यासाठी नवी माणसं नेमायला नकोत, नवी शिबिरं भरवायला नकोत. लसीच्या नोंदवहीत ‘दोन मुलांतल्या अंतराबद्दल बोललो’ असा एक रकाना हवा आणि तो भरलेला आहे की नाही हे वरच्या साहेबांनी ऑपरेशनच्या आकड्याइतक्याच कटाक्षाने विचारायला हवं.